चकवा लागू नये म्हणून: कोकणच्या रानात मोबाईल, नकाशा आणि होकायंत्र

देवगड-राजापूरकडच्या सड्यांवर, म्हणजे कातळाच्या उघड्या माळांवर, वाट चुकलेल्या माणसाला आमच्याकडे 'वाट चुकला' असं कुणी म्हणत नाही. 'चकवो लागलो' म्हणतात. माणूस चालत राहतो, आणि तासाभराने त्याच गडग्यापाशी (दगड रचून केलेल्या कुंपणापाशी), त्याच करवंदीच्या जाळीपाशी येऊन उभा राहतो. मग कुणाला नारळ द्यायचा राहिला होता, याची चौकशी घरात सुरू होते.

मला तो एकदा लागलेला आहे. मुंबईहून आलेला मावसभाऊ, त्याचा एक मित्र आणि मी, असे तिघे कातळशिल्प बघायला निघालो होतो. जुलै महिना. गाडी रस्त्याकडेला लावली आणि मोबाईलवरच्या निळ्या ठिपक्याकडे बघत चालू लागलो. अर्ध्या तासात धुकं उतरलं, पाठोपाठ सर आली. ओल्या स्क्रीनवर बोट टेकवावं तर नकाशा भलतीकडेच पळायचा, आणि पुसायला अंगावर कोरडं म्हणून काही उरलेलं नव्हतं. शेवटी मीच मोठेपणा केला. म्हटलं, ठेव तो मोबाईल, सडा आमचा आहे, सरळ चालू. पाऊण तासाने गडग्यावर एक रिकामी बाटली दिसली. परतताना उचलू म्हणून मावसभावाने जाताना ठेवलेली.

घरी काकांना सांगितलं. ते हसले नाहीत. एवढंच विचारलं, "जाताना मागे बघलंस काय?"

बघितलं नव्हतं. आणि चकव्याचं म्हणाल, तर त्याचं कोडं बरंचसं सुटलेलं आहे. २००९ साली जर्मनीतल्या माक्स प्लांक संस्थेच्या संशोधकांनी काही माणसांना जंगलात आणि सहाराच्या वाळवंटात 'सरळ चाला' असं सांगून जीपीएसने त्यांचा माग घेतला. सूर्य किंवा चंद्र दिसत होता तोवर माणसं बऱ्यापैकी सरळ गेली. आभाळ झाकलं की गोल फिरू लागली, आणि आपण वळतोय हे त्यांना जाणवलंही नाही. आपल्याकडे तर चार महिने सूर्य ढगाआडच असतो. म्हणजे चकव्याला मोसम आयताच मिळतो.

काकांच्या वडिलांच्या पिढीला हे सगळं पाठ होतं, कारण ती माणसं शिमग्याच्या सुमारास पारधीला जायची. हाकारे एका बाजूने रान उठवणार, बंदूकवाले दुसऱ्या टोकाला दबा धरून बसणार. कोण कुठे आहे हे प्रत्येकाला न बघता माहीत असावंच लागायचं, नाहीतर डुकराची गोळी माणसाला लागायची. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर पारध बंद झाली, आणि व्हायला हवीच होती. आज डुकराने वायंगण (पावसाळ्यानंतरचं भात) उकरून काढलं तरी वनखात्याच्या परवानगीशिवाय त्याच्यावर बंदूक रोखता येत नाही. ज्या देशांत शिकार कायदेशीर आहे तिथे शिकाऱ्यांना नकाशा-होकायंत्र अजून शिकवतात. आपल्याकडे पारधीबरोबर वाट ओळखायची विद्याही गेली. रानात जाणारी माणसं मात्र वाढलीच: पक्षी बघणारे, कॅमेरेवाले, अळंबी शोधणारे, कातळशिल्पांच्या मागावरचे, प्राणिगणनेला येणारे स्वयंसेवक. हा लेख त्यांच्यातल्या नवख्यांसाठी आहे.

माझं मत आधीच सांगतो, म्हणजे पुढे चुकामूक नको. मोबाईल विरुद्ध होकायंत्र हे भांडण मला पटत नाही. पण शिकायचा क्रम मात्र ठरलेला आहे: आधी कागद, मग सुई, शेवटी मोबाईल. उलटं शिकलेल्याला मोबाईल बंद पडल्यावर शून्यापासून सुरुवात करावी लागते, आणि ती धुक्यात.

पहिली पायरी: घरच्या अंगणात उभं राहून

कोकणात दिशा समजायला सोपी आहे. पश्चिमेला समुद्र, पूर्वेला सह्याद्री. किनाऱ्यालगतची ती खलाटी, डोंगराच्या पायथ्याकडची ती वलाटी. नद्या पूर्वेकडून पश्चिमेकडे जातात. कोकण रेल्वे आणि मुंबई-गोवा महामार्ग ढोबळमानाने उत्तर-दक्षिण. म्हणजे तुम्ही जिथे आहात त्याच्या भोवती एक चौकट असतेच. रानात पाय टाकण्याआधी ती तोंडपाठ करा: 'माझ्या पूर्वेला डांबरी रस्ता, पश्चिमेला खाडी, उत्तरेला व्हाळ (ओढा), दक्षिणेला वाडी.' ही चौकट ओलांडली गेली की चूक झाली, इतकं साधं गणित.

खाडी मात्र फसवी. नकाशावर समोरचं गाव बोटभर अंतरावर दिसतं, प्रत्यक्षात मध्ये चिखल, कांदळवन आणि भरती. खाडी ही चौकटीची भिंत समजा, वाट समजू नका.

सूर्यावरून दिशा ओळखायच्या युक्त्या पुस्तकांत असतात, त्या बहुतेक थंड मुलखातल्या आहेत. घड्याळाचा काटा सूर्याकडे धरून दक्षिण काढायची युक्ती इथे करू नका. रत्नागिरी साधारण १७ अंश अक्षांशावर आहे, त्यामुळे मेच्या दुसऱ्या आठवड्यापासून ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत दुपारचा सूर्य आपल्या उत्तरेला असतो, दक्षिणेला नाही. या दोन टोकांच्या आसपास तर तो थेट डोक्यावर येतो आणि काठीची सावलीच पडत नाही. 'सूर्य पश्चिमेला मावळतो' हेही मोघम आहे. जूनअखेरीस तो पश्चिमेच्या सुमारे २५ अंश उत्तरेला मावळतो, डिसेंबरअखेरीस तेवढाच दक्षिणेला. म्हणजे दोन्हींत ५० अंशांचा फरक. सड्याच्या एका टोकावरून ५० अंश चुकलात तर दुसऱ्याच तालुक्यात उतराल.

रात्री ध्रुव तारा मात्र खरा. इथे तो क्षितिजापासून १७ अंशांवरच असतो. हात ताणून मूठ धरली की एक मूठ साधारण १० अंश भरते, म्हणजे दोन मुठींच्याही खालीच. उत्तरेला डोंगर किंवा झाडी असली की तो दिसायचा नाही.

दुसरी पायरी: कागदाचा नकाशा

भारतीय सर्वेक्षण विभाग, म्हणजे सर्व्हे ऑफ इंडिया, १७६७ सालचा. त्यांचे १:५०,००० प्रमाणाचे नकाशे आपल्या कामाचे. कोकण किनारा पूर्वी संवेदनशील धरला जायचा, त्यामुळे हे नकाशे मिळवायचे म्हणजे अर्ज, ओळखपत्र आणि चकरा. २००५च्या नकाशा धोरणात सर्वसामान्यांसाठी 'ओपन सिरीज' वेगळी काढली, आणि आता विभागाच्या संकेतस्थळावर नोंदणी करून तिचे पीडीएफ उतरवून घेता येतात.

एका नकाशात १५ मिनिटं अक्षांश आणि १५ मिनिटं रेखांश मावतात, म्हणजे साधारण २७ किलोमीटर लांबी-रुंदी. जुन्या क्रमांकपद्धतीत आपला बहुतेक किनारा ४७ या आकड्याखाली येतो. चिपळूण ४७ जी/१०. आपलं गाव दोन नकाशांच्या शिवणीवर असायची शक्यता दांडगी (माझं आहे), तेव्हा शेजारचाही घ्या.

छापताना 'पानात बसव' हा पर्याय निवडू नका, प्रमाण बिघडतं. छापून झाल्यावर पट्टी लावून बघा: २ सेंटिमीटर म्हणजे १ किलोमीटर भरला पाहिजे. मग प्लॅस्टिकच्या पिशवीत घाला. साडीच्या दुकानातली जाड पारदर्शक पिशवी झिपच्या महागड्या पाकिटाइतकंच काम करते.

तिसरी पायरी: नकाशा घरी बसून चालणे

ही पायरी सगळ्यात कंटाळवाणी आणि सगळ्यात महत्त्वाची. बहुतेक जण ती गाळतात.

तपकिरी रेषा म्हणजे समोच्च रेषा, एकाच उंचीच्या जागा जोडणाऱ्या. या नकाशांवर लागोपाठच्या दोन रेषांत २० मीटर उंचीचा फरक असतो. रेषा लांब लांब म्हणजे सपाटी, चिकटून म्हणजे चढ, एकमेकींत मिसळल्या म्हणजे कडा. सडा नकाशावर ओळखायला सोपा असतो: मध्ये जवळजवळ कोरं पान आणि कडेला रेषांची दाटी. पाण्याच्या बाबतीत रंग बघा. निळी रेघ बारमाही, काळी रेघ पावसाळ्यापुरती. आपले पऱ्हे (छोटे ओहोळ) आणि व्हाळ बहुतेक काळ्या रेघेचे. मात्र जुलैत काळी रेघ पार करता येईलच, असं कुणी लिहून दिलेलं नाही.

एक धोका नीट समजून घ्या. २० मीटरच्या आतलं काहीही या रेषांना दिसत नाही. पंधरा मीटरचा उभा कातळ दोन रेषांच्या मधे सहज लपतो. आपल्या सड्यांच्या कडा नेमक्या अशाच असतात: वरून बघावं तर गवत, दोन पावलं पुढे जांभ्याची भिंत.

आता वाट शिसपेन्सिलने काढा आणि ती गोष्टीसारखी कुणाला तरी सांगा. 'देवळापासून पाखाडीने (पायऱ्यांच्या वाटेने) वर, सडा लागला की गडगा उजव्या हाताला धरून अर्धा किलोमीटर, गडगा संपला की उत्तरेला वळायचं, पंधरा मिनिटांत पऱ्हा आडवा आला पाहिजे. नाही आला तर मी चुकलो.' हे शेवटचं वाक्य प्रत्येक टप्प्याला हवं. आपण चुकलो हे कशावरून कळणार, ते चुकण्याआधी ठरवलेलं असलं की रानात स्वतःशी हुज्जत घालावी लागत नाही.

वेळेचा अंदाज: सपाटीवर ताशी ५ किलोमीटर आणि दर ६०० मीटर चढाला एक तास जादा, हा १८९२ सालचा एका स्कॉटिश गिर्यारोहकाचा हिशेब. स्कॉटलंडात उकडत नाही. आपल्या दमट हवेत, करवंदीत पाय अडकवत, मी त्यात निम्मी भर घालतो.

नकाशे जुन्या पाहणीवरचे असतात. नवा रस्ता, धरण, चिऱ्याची खाण नकाशात नसेल. वाडीचं नाव चुकलेलं असेल. डोंगराची सोंड आणि खिंड मात्र जागेवर असते, तेव्हा भरवसा जमिनीच्या आकारावर ठेवा, माणसाने बांधलेल्या गोष्टींवर कमी.

चौथी पायरी: होकायंत्र घेताना आणि धरताना

पारदर्शक पट्टीचं, फिरती तबकडी असलेलं साधं होकायंत्र घ्या. चावीच्या छल्ल्यातलं खेळणं नको. परदेशातून मागवत असाल तर एक बघा: पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र युरोपात जमिनीकडे बरंच झुकलेलं असतं, आणि तिथल्यासाठी तोललेली सुई आपल्याकडे एका टोकाने खाली टेकू शकते, अडकू शकते. चुंबकीय विषुववृत्त भारताच्या दक्षिण टोकाजवळून जातं, त्यामुळे आपल्याकडे हा झुकाव कमी. दुकानात तळहातावर सपाट धरून सुई मोकळी फिरते का ते बघून घ्या.

एका बाबतीत मात्र कोकण भाग्यवान. नकाशाची उत्तर आणि सुईची उत्तर यांत फरक असतो आणि काही देशांत तो दहा-पंधरा अंशांवर जातो. इथे तो एखाद-दुसऱ्या अंशाच्या आत आहे. पायी चालणाऱ्याने विसरला तरी चालेल.

विसरून चालणार नाही ते लोखंड. कमरेला कोयती, हातात छत्री, खिशात मोबाईल, मोबाईलच्या कव्हराला चुंबक: यांतलं काहीही सुईला फितवतं. मी एकदा गड्याच्या आकडीला लटकलेल्या कोयत्याशेजारी उभं राहून उत्तर काढली होती, आणि समुद्र पूर्वेला निघाला. गाडीपासून दहा-बारा पावलं लांब जा, मग बघा. काळ्या कातळावर होकायंत्र टेकवू नका. त्या दगडात मॅग्नेटाईट असतं. हातात, छातीजवळ धरा.

आणि जमीनच सुईला फितवते अशीही एक जागा आपल्याकडे आहे. राजापूर तालुक्यातल्या देवाचे गोठणे गावच्या सड्यावर कोरलेली एक मनुष्याकृती आहे. त्या परिसरात होकायंत्र धरलं की सुई उत्तर सोडून भलतीकडे वळते. युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत कोकणातल्या ज्या कातळशिल्पांची नोंद आहे त्यांत ही जागा येते. होकायंत्र शिकणाऱ्याने एकदा तिथे जाऊन यावंच. शिल्पावर पाय न देता, कडेने चालत सुईकडे बघा. 'यंत्र सांगतंय म्हणजे खरंच' ही समजूत पाच मिनिटांत उतरते.

पाचवी पायरी: सराव

ऑक्टोबरात, भात कापून झालं आणि सड्यावरचं गवत पिवळं पडलं की सुरू करा. विंचवा-सापांसाठी पायात बूट हवेत.

आधी पावलं मोजा. शाळेच्या मैदानावर १०० मीटर आखून घ्या आणि डावा पाय किती वेळा टेकतो ते मोजा. साठ-सत्तरच्या मधे येईल. तोच आकडा चढावर, गवतात, ओझ्यासकट पुन्हा काढा. बदलेल. दोन्ही आकडे नकाशाच्या मागे लिहून ठेवा.

मग त्रिकोण. जमिनीवर रुपयाचं नाणं ठेवा. होकायंत्राने ६० अंशांवर शंभर पावलं जा, तिथून १८० अंशांवर शंभर, मग ३०० अंशांवर शंभर. नाणं पायाशी यायला हवं. पहिल्या दिवशी ते दहा-पंधरा पावलं लांब राहील. पोरांना हा खेळ आवडतो, नाणं सापडलं तर त्यांचं.

चालताना सुईकडे बघत चालू नका, ठेचकाळाल. दिशा धरा, त्या रेषेत पुढचं एखादं झाड किंवा धोंडा हेरा, सुई खिशात टाका, तिथवर जा, पुन्हा धरा. मधे जाळी आडवी आली तर काटकोनात चाळीस पावलं उजवीकडे, मग पुढे, मग चाळीस पावलं डावीकडे, की मूळ रेषेवर परत.

मागची दिशा काढायला १८० मिळवा किंवा वजा करा. ७० अंशांवर आलात तर परतीचा रस्ता २५०. काकांचं 'मागे बघलंस काय' हे नुसत्या डोळ्यांनीही करायचं असतं. दर वळणाला मागे वळा, कारण येताना रान वेगळं दिसतं. जाताना जो आंबा डाव्या हाताला ठसठशीत दिसला, तो परतीच्या बाजूने झाडोऱ्यात बुडालेला असतो.

या पायरीतली सगळ्यात उपयोगी युक्ती म्हणजे मुद्दाम थोडं चुकणं. समजा पऱ्ह्यावरचा साकव (छोटा पूल) गाठायचा आहे. थेट साकवावर नेम धरलात आणि पऱ्ह्यावर पोचल्यावर साकव दिसला नाही, तर तो डावीकडे राहिला की उजवीकडे? कळत नाही. म्हणून मुद्दाम पाच-सहा अंश उजवीकडचा नेम धरायचा. पऱ्हा लागला की डोळे झाकून डावीकडे वळायचं.

सहावी पायरी: आता मोबाईल

बऱ्याच जणांना वाटतं रेंज गेली की जीपीएस गेलं. तसं नाही. जागा उपग्रहांवरून कळते, टॉवरवरून नाही. रेंजने दोनच गोष्टी होतात: नकाशाचं चित्र उतरतं, आणि उपग्रह कुठे आहेत याची माहिती पटकन मिळून ठिपका लवकर लागतो. तेव्हा घरच्या वायफायवर त्या भागाचा नकाशा आधीच उतरवून ठेवा. गाडी चालवायचे नकाशे इथे कमी पडतात, त्यांत पायवाटा फारशा नसतात. ओपनस्ट्रीटमॅपवर चालणारी ऑर्गॅनिक मॅप्स, ओएसएमअँड अशी अ‍ॅप घ्या, ती रेंजशिवाय चालतात. मात्र त्यातल्या पायवाटाही कुणीतरी हौशीने काढलेल्या आहेत. काही ढोरवाटा असतात, गुरांच्या मर्जीने जातात आणि करवंदीत संपतात.

निघताना सगळ्यात आधी गाडी लावली त्या जागेची खूण ठेवा. बाकी काही केलं नाही तरी चालेल, हे मात्र कराच. मग विमान मोड लावा. बहुतेक मोबाईलमध्ये त्यातही जीपीएस चालू राहतं आणि रेंज शोधण्यात जाणारी बॅटरी वाचते.

मोकळ्या आभाळाखाली मोबाईल साधारण पाच मीटरपर्यंत अचूक असतो. सड्यावर उत्तम. देवराईच्या दाट छपराखाली किंवा सह्याद्रीच्या नाळेत, दोन्ही बाजूंना कडे असताना, आभाळाचा पट्टाच तेवढा दिसतो, आणि उपग्रहाचा संदेश कड्यावर आपटून येतो. तिथे ठिपका दहा-वीस मीटर सहज इकडेतिकडे उड्या मारतो. मैदानात वीस मीटरने काय होतंय? नाळेत वीस मीटर म्हणजे वाट की दरी.

दुसऱ्याचा ट्रॅक, म्हणजे त्याच्या मोबाईलने नोंदलेली वाट, उतरवून त्यावर डोळे मिटून चालणारे मी फार पाहिलेत. तो कोणत्या महिन्यातला आहे ते बघा. जानेवारीत कोरड्या ओहोळातून चालत गेलेल्या माणसाची रेघ तुम्हाला ऑगस्टमध्ये सरळ पाण्यात नेते.

मोबाईलमधलं होकायंत्रही चुंबकीयच असतं. हवेत इंग्रजी आठ काढल्यासारखं फिरवून ते जुळवून घ्यावं लागतं, आणि चुंबकवालं कव्हर असेल तर काढावं लागतं.

एक कायद्याची गोष्ट. परदेशातले नातेवाईक उपग्रहावरून संदेश पाठवणारं यंत्र भेट म्हणून आणतात. उपग्रह फोन आणि असली संदेशयंत्रं दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय भारतात बाळगता येत नाहीत. गोव्याच्या विमानतळावर यावरून परदेशी पाहुणे अडचणीत आलेले आहेत.

सातवी पायरी: दोन्ही बरोबर घेऊन रानात

नकाशा हातात, होकायंत्र गळ्यात, मोबाईल पिशवीत. ही जागांची वाटणीच निम्मं काम करते. मोबाईल हातात असला की माणूस ठिपक्याकडे बघतो, रानाकडे बघत नाही. गव्याचा ताजा पो पायाखाली आला तरी पत्ता नसतो.

दर टप्प्याला आधी नकाशावर बोट ठेवून सांगा, 'आपण इथे आहोत.' मग मोबाईल काढून पडताळा घ्या. जुळलं तर पुढे. नाही जुळलं तर थांबून का ते शोधा. बहुतेक वेळा चूक तुमचीच निघेल, कधीतरी नाळेत मोबाईलची निघेल. पाच-सहा सहलींत बोट आणि ठिपका जवळ यायला लागतात. तोवर एकट्याने जाऊ नका.

अंधाराची वेळ बांधून घ्या. नोव्हेंबरअखेरीस सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, झाडीत अर्धा तास आधीच काळोख. त्याच्या दोन तास आधी परतीला लागायचं, मग शिल्प सापडो वा न सापडो. अंधारात रानाकडेची शेतं खरोखर जिवावर बेततात: डुकरांसाठी चोरून लावलेले फासे, वीज सोडलेल्या तारा, गावठी बॉम्ब. फासा दिसला तर हात लावू नका, जागेचे अक्षांश-रेखांश टिपून वनखात्याच्या १९२६ क्रमांकावर कळवा. इथे मोबाईलला तोड नाही.

चकवा लागलाच तर

थांबा. बसा. पाणी प्या. धुकं असेल तर ते हलेपर्यंत हलू नका, सड्यावर ते येतं तसं जातंही. शेवटची खात्रीची जागा कोणती आणि तिथून किती वेळ चाललो, तेवढंच आठवा. पावलं मोजलेली असतील तर नकाशावर तेवढ्या अंतराचा गोल काढा, तुम्ही त्याच्या आतच कुठेतरी आहात. मोबाईल चालू असेल तर आता तो वापरायची वेळ, स्क्रीन सदऱ्याच्या आतल्या कोरड्या बाजूला पुसून.

ठिपका लागत नसेल तर आखलेली चौकट आठवा आणि तिच्या सगळ्यात जवळच्या, सगळ्यात लांबलचक बाजूकडे सुई धरून चाला. रस्ता असेल तर उत्तम.

'ओढ्याच्या कडेने खाली उतरा, गाव लागेल' हा सल्ला सह्याद्रीच्या पायथ्याला मानू नका. आपले ओढे सरळ खाली जात नाहीत, उड्या मारतात. पाण्याबरोबर उतरत गेलेला माणूस धबधब्याच्या माथ्यावर अडकतो, तिथून वर चढता येत नाही आणि खाली उतरता येत नाही. त्याऐवजी सोंडेवर, उंचावर राहा. तिथे रेंजही मिळायची शक्यता जास्त, आणि ११२ला फोन आपल्या कंपनीची रेंज नसली तरी दुसऱ्या कंपनीच्या टॉवरवरून लागू शकतो. फोन लागला तर आधी अक्षांश-रेखांश आकड्यांत सांगा, 'मोठ्या वडाजवळ' असं नको. मग जवळच्या वाडीचं नाव. शोधायला येणारे वाडीतलेच असणार, आणि त्यांना आकड्यांपेक्षा 'धनगरवाड्याच्या वरच्या खिंडीत' हे आधी कळतं.

म्हणूनच निघताना वाडीतल्या कुणाला तरी कुठे जातोय आणि किती वाजेपर्यंत येणार हे सांगून जायचं. चहाच्या टपरीवर सांगितलं तरी पुरतं, तिथून ते सगळीकडे पोचतं. परत आलात की त्यांना आवर्जून कळवा. माझ्या मावसभावाने एकदा कळवलं नाही, परस्पर मुंबईची गाडी पकडली. रात्री दहापर्यंत आठ माणसं बॅटऱ्या घेऊन सड्यावर त्याला हाका मारत होती.